उशिराचा रकाना

“अर्ज वाईट नव्हता तुमचा,” फोनमधला माणूस म्हणाला. “पण उड्डाणपुलाची गरज त्यातून दिसली नाही.”

शहराचे निधीचे अर्ज लिहिणाऱ्या लोरीन स्टकीने महापौर प्रुइट बाईंकडे पाहिलं. बाई समोरचा डोनट न खाता नुसता फिरवत होत्या. हॉब्सफर्ड शहर निधीच्या स्पर्धेत सलग पाचव्या वर्षी आपटलं होतं. हरलेल्या शहरांवर केंद्र सरकार एवढीच एक मेहेरबानी करायचं, की का हरलात ते फोनवर गोड बोलून सांगायचं.

“साहेब, आमच्या गावाच्या मधोमध मालगाडी तास-तासभर उभी असते,” लोरीन म्हणाली. “रुळांच्या दक्षिणेला चार हजार माणसं राहतात. दवाखाना उत्तरेला.”

“मान्य आहे. पण पाच वर्षांत फाटकावर ॲम्ब्युलन्स अडकल्याच्या नोंदी किती? शून्य. उशीरच होत नसेल तर पूल कशासाठी?”

लोरीनला हसावं की रडावं कळेना. उशीर होत नव्हता, कारण दक्षिणेकडचं कुणी ॲम्ब्युलन्स बोलावतच नव्हतं. कुणाच्या छातीत कळ आली की फोन जायचा तो तिच्या बापाला. ड्वेन स्टकी जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो पिकअपमध्ये गादी टाकायचा आणि खाणीच्या रस्त्याने, रुळांखालच्या बुटक्या बोगद्यातून, आजाऱ्याला एकोणीस मिनिटांत दवाखान्यात पोचवायचा. ॲम्ब्युलन्स त्या बोगद्यात मावत नसे. ड्वेन घरी नसला तर शेजारचा रॉस्को आपली गाडी काढायचा.

संध्याकाळी ती बापाकडे जेवायला गेली. रॉस्कोही होता, तो असायचाच.

“म्हणजे आम्ही माणसं वाचवली म्हणून पूल नाही?” ड्वेनने काटा खाली ठेवला.

“तसंच झालंय, बाबा.”

“त्या वॉशिंग्टनवाल्याला इथे पाठव म्हणावं. त्याला रॉस्कोच्या हातचं ते खिमा-राजम्याचं जहाल चिली खायला घालू आणि फाटकाच्या अलीकडे बसवू. होतील नोंदी.”

“माझ्या चिलीने आजवर कुणी मेलं नाही,” रॉस्को म्हणाला.

“मेलं असतं तर पूल झाला असता ना, गाढवा.”

लोरीन हसली नाही. “बाबा, यापुढे सगळ्यांनी ॲम्ब्युलन्सच बोलवायची. आणि ती येईपर्यंत थांबायचं. आजारी माणूस मधेच दुसऱ्या गाडीने गेला तर ते बोलावणं रद्द धरतात. थांबलं तरच उशिराच्या रकान्यात मिनिटं पडतात.”

“आणि ज्याला थांबणं झेपणार नाही?”

“त्याला तुम्ही न्या. मी कुणाला मरायला सांगत नाहीये.”

ड्वेनने बशी बाजूला सारली. “तुझ्या आईचं नाही का धरत? चाळीस मिनिटं अडकली होती गाडी.”

“अकरा वर्षं झाली, बाबा. ते पाचच वर्षांचं धरतात.”

“बरं,” ड्वेन म्हणाला, आणि उठून भांडी धुवायला लागला.

त्या वर्षी दक्षिणेकडच्या लोकांनी ॲम्ब्युलन्सला नुसतं पळवलं. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला मधमाशी चावली, एका आजीबाईंच्या बोटात कुसळ गेलं. ड्वेन घरोघर जाऊन सांगत होता, थांबा, घड्याळ चालू द्या. त्यातल्या सहाच वेळा फाटकावर मालगाडी आडवी होती. सहा नोंदी झाल्या, आणि एकही कामाची नव्हती.

अर्जाच्या मुदतीला आठवडा उरला तेव्हा ड्वेनने फोन केला. “सहा पुरतील ना गं, पोरी?”

“नाही पुरणार. मधमाशीवर कोण पूल देतंय? एखादी तरी जिवावरची नोंद लागते.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. “तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“कळलं. रविवारी ये, ॲपल पाय करतो. रॉस्कोने सफरचंदं आणलीत, पन्नास जणांना पुरतील एवढी.”

हा निधी पुढल्या वर्षी बंद होणार हे आता उघड होतं. म्हणजे हा शेवटचा अर्ज. लोरीन मनातून खचली होती, पण हात थांबवणं तिला जमत नव्हतं. शेवटच्या दिवशी तिने मोबाइल बंद करून खणात टाकला आणि सकाळपासून मान मोडून लिहीत बसली.

चारला तिने जिल्ह्यातल्या ॲम्ब्युलन्सच्या बोलावण्यांची यादी शेवटची उघडून पाहिली. सहाच्या जागी सात नोंदी होत्या.

आजचीच होती. नावं त्या यादीत नसतातच. छातीत कळ. फाटकावर बावन्न मिनिटं. ॲम्ब्युलन्स पोचण्याआधी मृत्यू.

लोरीनच्या काळजाने उडी मारली, आणि ती आनंदाची होती. तिला स्वतःची शरम वाटली. तरी बोटं चालूच राहिली. त्या अनोळखी माणसावर तिने एक परिच्छेद लिहिला. पाच वर्षांत असं काही तिच्या हातून उतरलं नव्हतं. प्रुइट बाईंनी तो उभ्यानेच वाचला आणि डोळे पुसले.

“या वेळी मिळणार, लोरीन,” त्या म्हणाल्या. “या वेळी नाही म्हणूच शकत नाहीत.”

पाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. पोच आली. दप्तरी ठेवायला तिने यादीची प्रत काढली आणि घाईत वाचायचा राहिलेला शेवटचा रकाना वाचला. फोन घेणाऱ्याने शेरा लिहिला होता:

“शेजारी आपल्या गाडीतून न्यायला तयार. रुग्णाचा नकार. म्हणतो, माझी पोरगी या नोंदीची वाट बघतेय.”