पांढरी पायरी
कुवैतमध्ये राहणारी हुस्नानानी १९६६ सालची गोष्ट नातीला मान ताठ करून सांगते. इंग्लंडात लँकेशायरमधल्या कापडगिरणीत अब्बा नुकतेच लागले होते. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भंगारवाल्याने अम्मीला पांढरा दगड दिला. अम्मी पायरीवर बसून त्याने टाचा घासू लागली. समोरची एडना खिदळली, “अगं, तो दगड पायरी घासून पांढरी करायचा! काळ्या पायरीच्या घरी माझी लेक जीन खेळायला येणार नाही.” छोटी हुस्ना रडली. अम्मी तिला म्हणाली, “पायरीवर जेवशील अशी घासते, बघ!” शुक्रवारी पहाटे तिने आपली पायरी चुन्यासारखी पांढरी केली, गुडघेदुखीने बेजार एडनाचीही. एडना दार उघडून बघतच राहिली. मग आत ओरडली, “जीन, उड्यांची दोरी घे! हुस्नाकडे जा.” जीन नर्स झाली. हुस्नाने नवऱ्यासोबत कुवैतमधल्या शुवैखला गॅरेज थाटलं. तिकडे लँकेशायरला अम्मी वारली, तेव्हा तिथल्या शोकाच्या रिवाजाप्रमाणे अख्ख्या गल्लीने पडदे ओढले. सर्वांत आधी एडनाने.