वैशाखातला हिवाळा

अकोल्यातल्या वैशाखात सगळा लग्नमांडव घामाने निथळत होता. एकटे नीळकंठराव ठणठणीत कोरडे होते, आणि तेच कोसळले. इंदिराबाईंनी नवऱ्याचं मनगट उलटं करून पाहिलं. शरीराला ऋतू सांगणाऱ्या पट्टीवर अजून ‘हिवाळा’च!

“अहो, होळीला पट्टी बदलायची असते ना? सगळ्या गावानं बदलली!”

“उन्हाळा लावला की भूक मरते गं,” ते पुटपुटले. “डब्यात डिंकाचे लाडू उरले होते.”

अंग तव्यासारखं तापलं होतं. हिवाळ्यातल्या शरीराला घाम फुटत नाही, आणि अकोल्याच्या उन्हात घाम फुटला नाही तर माणूस जातो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पट्टी बदलते ती फक्त मालकाच्या अंगठ्याने. बाईंनी त्यांचा अंगठा पट्टीवर दाबला. पट्टी ढिम्म. पुन्हा दाबला. अंगठ्यावर तुपाचा थर होता. या माणसाने लग्नातही खिशातून लाडू आणला होता!

नीळकंठरावांचे डोळे फिरले. बाईंनी हातातल्या अक्षतांनीच तो अंगठा खसाखसा घासला आणि पुन्हा दाबला.

पट्टी वाजली. ‘उन्हाळा.’

तरी काही होईना. मग कपाळावर एक थेंब फुटला. जन्मभर त्यांच्या घामट सदऱ्यांना नावं ठेवणाऱ्या इंदिराबाई त्या थेंबाकडे बघून हमसून हमसून रडल्या.

नीळकंठरावांनी डोळे उघडले. “लाडू उरलेत का गं?”

“उरलेत,” डोळे पुसत बाई म्हणाल्या. “मार्गशीर्षात मिळतील.”