चाळीकडची खिडकी

करोनात बंद पडलेली शाळा पुन्हा उघडली, तेव्हा वर्गाच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या असं ठरलं होतं. तरी सोमवारपासून मधली सुट्टी संपवून सुनंदाबाई वर्गात आल्या की चाळीकडची खिडकी हमखास बंद. बाईंचा आधी शिपायावर संशय होता, मग शेजारच्या वर्गातल्या टारगट पोरांवर. शेवटी आज त्या सुट्टीत दाराआड उभ्या राहिल्या आणि चोर रंगेहाथ सापडला. शहाण्यासारखी पहिल्या बाकावर बसणारी नूपुर टाचा उंचावून खिडकीची कडी लावत होती.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "थंडी वाजते?"

"नाही बाई."

"मग हे काय? हवा खेळती राहिली पाहिजे, हे रोज घसा फोडून सांगते ना मी? सगळ्या वर्गाच्या जिवाशी खेळतेस?"

नूपुरने मास्क नाकावर ओढला. "बाई, समोरची खोली आमचीच आहे. बाबांना रविवारपासून ताप आहे, खोकतातही खूप. आई म्हणाली, शाळेत बोलू नकोस. पण तिकडची हवा वर्गात यायला नको ना, म्हणून लावते."

इतका वेळ मुठीत धरलेलं तिचं मनगट बाईंना आत्ता कुठे गरम लागलं.