आजचा फोटो

"आधी जुने काढा," काका म्हणाले. "नवे राहिले तरी चालेल."

दुरुस्तीवालीनं फोटो साठवायच्या पेटीला कान लावला. आतली हार्ड डिस्क कट् कट् करत होती. लक्षण बरं नव्हतं. दुपारभर ती एका वकिलाच्या कार्यालयात टेबलाखाली वाकून बसली होती आणि पाठ अजून तिथेच राहिल्यासारखी वाटत होती. हे शेवटचं घर, मग सरळ अंथरूण, असं ती मनाला बजावत आली होती.

"लोक उलटं सांगतात," ती म्हणाली. "नवे वाचवा म्हणतात. जुने पाहून झालेले असतात."

"आमचे नाही झालेले."

पेटी मुलानं बसवून दिलेली, असं काकांनी सांगितलं. मुलगा पूल बांधणारा इंजिनियर, परदेशी. त्यानं तिकडे फोनवर फोटो काढला की तो आपोआप इथे, या पेटीत यावा, अशी सोय. "आपले फोटो आपल्या घरात असावेत, कुणा कंपनीच्या दारात नकोत, असं त्याचं म्हणणं."

"शहाणा आहे. आणि दुसरी प्रत कुठे ठेवता?"

"आहे की. याच पेटीत, दुसऱ्या फोल्डरात."

"काका, घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं हे."

काका ओशाळले. हातातला चष्मा उगाच पुसत राहिले.

"असू द्या. बैल अजून गेला नाही, तोवर झोपा करून घेऊ." तिनं नवी डिस्क जोडली आणि फोटो उतरवायला सुरुवात केली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

आतल्या खोलीतून आवाज आला. "अहो, आला का आजचा?"

"येतोय. मशीनचं काम चाललंय."

"थंडी असेल ना तिकडे आता?"

"असेलच की."

काका आवाज खाली आणून म्हणाले, "अंथरुणाला खिळली आहे हो. रोज एक फोटो दाखवतो मुलाचा. त्यावर तिचा दिवस निघतो. आज सकाळपासून हे बंद, तर पाणीसुद्धा नीट घेतलं नाही तिनं."

पट्टी मध्येच थांबली. एक मोठा फोल्डर वाचला जाईना. काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"गेले?"

"थांबा. घाई केली तर खरंच जातील."

तिनं पेटी बंद केली, डिस्क गार होऊ दिली, केबल बदलली. मग सगळ्यात संथ वेगावर पुन्हा वाचायला लावलं. आता करण्यासारखं काही नव्हतं. तिचे डोळे मिटायला लागले होते, पण समोरच्या माणसाकडे पाहून झोप घेण्याची तिला लाज वाटली. पट्टी हलली, अडली, परत हलली. शेवटी डिस्कचा आवाज आपोआप मंदावला आणि फोल्डर पलीकडे पोचला. काकांचा जीव भांड्यात पडला.

उतरलेले फोटो उघडतात का, ते ती तपासू लागली. बऱ्याच फोटोंच्या तारखा हातानं बदललेल्या दिसल्या.

"या तारखा तुम्ही बदलता?"

"त्याच्या फोनचं घड्याळ चुकतं. मी सुधारतो."

"कायमचंच नीट करून देते. मुलाला फोन लावा, लगेच होईल."

"नको, नको. तो कामात असतो."

तिनं खांदे उडवले. पोराला त्रास नको म्हणून स्वतः खपत राहणारे म्हातारे तिनं पुष्कळ पाहिले होते. तिनं सगळं नव्या डिस्कवर चालू करून दिलं आणि एक वेगळी प्रत छोट्या डिस्कवर काढून काकांच्या हातात ठेवली. "ही या घरात ठेवू नका. बहिणीकडे, मित्राकडे, कुठेही ठेवा."

काका पडद्यासमोर बसले. बराच वेळ खालीवर करत शोधत राहिले. "सापडला आजचा," असं म्हणून त्यांनी तो टॅबलेटवर घेतला. आत जाताना विस्कटलेले केस हातानं बसवले.

ती हत्यारं आवरता आवरता दारातून पाहत होती. अर्ध्या बांधलेल्या पुलापुढे पिवळं शिरस्त्राण घातलेला उंच मुलगा हसत उभा होता. काकूंनी टॅबलेट डोळ्यांजवळ धरला.

"दाढी काढली वाटतं परत. स्वेटरही नाही अंगात."

"ऊन पडलं असेल आज."

"छान दिसतोय हो."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "चहा टाकतो सगळ्यांना," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले.

"इकडे ये, पोरी," काकू हळूच म्हणाल्या. "दार लोटून घे जरा."

त्यांनी उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत कॅमेऱ्याचं छोटं कार्ड होतं. "त्याच्या जुन्या कॅमेऱ्यातलं आहे. पुष्कळ फोटो आहेत त्याचे. तेवढे त्या पेटीत घालशील? ह्यांना न सांगता. आधीपासूनच तिथे होते, असं वाटू दे."

"तुम्हीच द्या ना काकांना. खूश होतील."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, तो आवाज त्या ऐकत राहिल्या.

"ह्यांच्याकडचे संपत आलेत गं. मला फोटो दाखवायचा म्हणून उठतात, आंघोळ करतात, दोन घास खातात. ते काम सुटलं, तर माझ्याआधी तेच अंथरूण धरतील." त्यांनी कार्ड तिच्या मुठीत दाबलं. "आमचा पोरगा वारला हे मला ठाऊक आहे, एवढं मात्र ह्यांना कळू देऊ नकोस."