दोन टाक्यांतल्या चिंबोऱ्या

"काय आला गो तपासणीन? पाइप बंद होल ना?" धुरपाबाय कोळणीने कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

कारखान्याने कीटकनाशकाचं सांडपाणी खाडीत सोडल्यापासून तिच्या चिंबोऱ्यांच्या नांग्यांत मांसाऐवजी पाणीच निघत होतं. पुरावा मिळावा म्हणून प्रयोगासाठी चाळीस चिंबोऱ्या तिने फुकट दिल्या होत्या.

संशोधन करणाऱ्या वैदेहीने त्यातल्या वीस कीटकनाशक मिसळलेल्या पाण्यात आणि वीस स्वच्छ पाण्यात ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांनी स्नायूंतली प्रथिनं मोजली, तर ती दोन्हीकडे सारखीच खालावलेली.

"फरक आढळला नाही, मावशी," ती पुटपुटली. "म्हणजे कागदोपत्री कीटकनाशक निर्दोष."

"अगो, फरक येल कसा? दोन्ही टाक्यांन आमचेच खाडीच्या चिंबोऱ्या. आधीच इख पिऊन आलेल्या!"

वैदेहीने तिच्या मार्गदर्शक सरांकडे पाहिलं. "सर, दुसऱ्या खाडीतल्या आणून पुन्हा करू या?"

सरांना मुद्दा पटला. चांगला मुद्दा त्यांना नेहमीच पटत असे. "पण अहवाल कारखान्याने मागवलेला, आणि त्यांना तो आवडलाय," ते म्हणाले. "मावशी, तुमचे कष्ट मात्र वाया गेलेले नाहीत. आभारात पहिलं नाव तुमचं घातलंय."

कारखान्याने अहवाल मराठीत छापून कोळीवाड्यात घरोघर वाटला. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत होतं: 'नमुने पुरवून मोलाचे सहकार्य केल्याबद्दल श्रीमती धुरपाबाय नाखवा यांचे आभार.'

त्या सकाळपासून मासळीबाजारात तिच्या शेजारी कोणी पाटी मांडली नाही.