रेषेच्या अलीकडे

“आत जाऊन ये, लोनी. वाट आम्ही करून देतो,” घोळक्यात वाकून हॅस म्हणाला. हॅस कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कर्णधार. डाव त्याच्याच हातून सुरू व्हायचा.

लोनीला आणखी काय हवं होतं! बॉल घेऊन आणखी एकदाच शेवटची रेषा ओलांडायची, म्हणजे टचडाउन करायचं, की लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तोच. मतं सगळ्या कॉलेजांचे कोच द्यायचे, आणि कोच लोकांना टचडाउनचे आकडे दिसतात. गेल्या वर्षी एका टचडाउनने मान हुकला होता. तो सल अजून गेला नव्हता.

त्यांचं कॉलेज, ग्रँट्स फेरी, मिल क्रीकपेक्षा एका गुणाने पुढे होतं. मिनिटभर खेळ उरला होता. जिंकलं तर हंगामाची ट्रॉफीही त्यांचीच.

हॅसने बॉल त्याच्या पोटाशी कोंबला. लोनी दात आवळून घुसला. टक्कर बसलीच नाही. दुपारभर त्याची हाडं खिळखिळी करणारा मिल क्रीकचा रेडा चक्क बाजूला सरकला.

“जा की राजा, मजा कर!” तो म्हणाला.

लोनीच्या लक्षात आलं. हे मुद्दाम वाट देताहेत. टचडाउन झालं की बॉल यांना मिळणार, आणि बरोबरी साधायला यांना मिनिटभर पुरे.

रेषा दोन पावलांवर आली. स्टेडियम बेभान ओरडत होतं. लोनी मटकन खाली बसला. बॉलवाल्याचा गुडघा टेकला की चाल तिथेच संपते, घड्याळ मात्र चालूच राहतं.

“गाढवा, काय केलंस हे!” हॅस धावत आला.

लोनीने नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. ते पळत होतं आणि बॉल अजून ग्रँट्स फेरीकडेच होता. हॅसला उमगलं. पुढच्या चालीत तो बॉल घेऊन नुसता गुडघ्यावर बसला, परत बसला, आणि वेळ संपली.

सगळे नाचत सुटले. लोनीला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

हस्तांदोलनाच्या रांगेत मिल क्रीकचे म्हातारे कोच डॉयल आले. त्यांनी त्याचा हात सोडलाच नाही.

“सापळा माझा होता, पोरा. आजवर रेषेआधी कुणी थांबलं नव्हतं. आम्हा कोचना आपल्याच खेळाडूला मत देता येत नाही, ठाऊक आहे ना?”

लोनीने मान हलवली.

“बरं झालं, तू माझा नाहीस.”