रविवारचा बॅकअप

"यात काही महत्त्वाचं नाही ना?" सर्व्हर सांभाळणाऱ्या शाल्मलीने कुंभोजकरकाकांचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावत विचारलं. फोन कानाला लावलेल्या काकांनी नुसतीच मान हलवली. रक्तपेढीचा सर्व्हर सकाळपासून बंद होता. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते कळेना आणि दवाखान्यांचे फोन काही थांबेनात. सर्व्हर चालू करायची सिस्टिम चढवण्यासाठी तिने पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पार पुसून टाकला.

फोन ठेवल्यावर काकांचं लक्ष पेनड्राइव्हकडे गेलं. "अहो मॅडम, त्यात आमच्या हिचा आवाज होता. जाण्याआधी गोडा मसाला कसा करायचा ते सांगून ठेवलं होतं तिने."

"दुसरीकडे कुठे नाही?"

"इथंच होता, सर्व्हरवर. सोमवारी तुम्हीच डिलीट करायला लावलात."

सर्व्हर म्हणजे घरचं कपाट नव्हे, असं ती त्यांना सगळ्यांदेखत बोलली होती. आता तिने तोच पेनड्राइव्ह सर्व्हरला लावला आणि रविवारचा बॅकअप परत भरायला घेतला.

दुपारी स्क्रीन उजळली. रक्तगटांची यादी जागेवर होती; रविवारनंतरच्या नोंदी तिने वहीवरून भरल्या. "आहेत पिशव्या, पाठवा माणूस!" काका फोनवर ओरडलेच. शाल्मलीची नजर मात्र कोपऱ्यातल्या फाइलवर खिळली होती. सोमवारी पुसलेली फाइल रविवारच्या बॅकअपमध्ये सुखरूप होती. तिने ती उघडली.

"हे बघा," स्पीकरमधून आवाज आला, "आधी तो फोन खाली ठेवा. मग धणे भाजायला घ्या."

काकांनी फोन ठेवला.